ढगाच्या काठावर

पावसाळ्यात सह्याद्रीत भटकून आलेल्या कोणाही हौशी छायाचित्रकाराचं मेमरी कार्ड उघडून बघावं. त्यातले निम्मे फोटो पांढरे असतात. अगदी कोरे नव्हेत. कुठे कठड्याचा तुकडा, कुठे मित्राची टोपी, बाकी सगळं धुकं. ‘काय वातावरण होतं!’ असं तो सांगतो, आणि ते खरंच असतं, पण फोटोत आलेलं नसतं. घाटमाथ्यावर आपण ज्याला धुकं म्हणतो तो बहुतेक वेळा जमिनीला टेकलेला ढगच असतो आणि आपण त्याच्या पोटात उभे असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा सुरू केली ती याच कारणासाठी. तिथे ढगातले थेंब मोजायला विमान उडवावं लागत नाही. उपकरण बाहेर मांडलं की ढग आपण होऊन येतो.

शास्त्रज्ञांची ही सोय कॅमेरेवाल्याची मात्र अडचण होते. ढगाच्या आत फोटो नसतो, तो ढगाच्या काठावर असतो, असं माझं मत बरीच वर्षं भिजल्यावर झालं आहे. पाऊस जिथे संपतो, वारा जिथे कड्याला आपटतो, ऊन जिथे फटीतून घुसतं, समुद्र जिथे खडकाला भिडतो, तिथे. म्हणून एका पावसाळ्यात मी मुक्कामांऐवजी काठांचीच यादी केली आणि वळवापासून उत्तरा नक्षत्रापर्यंत त्यांच्या मागे फिरलो.

पहिला काठ कोरड्या मुलखातला. पुणे-नाशिक रस्ता संगमनेरच्या अलीकडे चंदनापुरीच्या घाटाने उतरतो. त्या घाटाच्या वरच्या भागाला तिथले लोक नुसतं ‘पठार’ म्हणतात. बाजरी, कांदा, मेंढरं आणि टँकर. इथे पावसाची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास असते, आणि रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आत, भंडारदऱ्यापलीकडच्या घाटघरला, तोच आकडा काही हजारांत जातो. कोरड्या बाजूला यायचं कारण असं की इथून ढग अख्खा दिसतो. कोकणात किंवा घाटात उभं राहून ढग बघणं म्हणजे हत्तीच्या पायाशी उभं राहून हत्ती बघणं.

मे महिन्याच्या शेवटी दुपारी दोननंतर पश्चिमेला बाळेश्वराच्या डोंगररांगेवर पांढरे गड्डे उठायला लागले. त्यांच्या कडा फुलकोबीसारख्या टणक दिसत असतील तोवर ढग वाढतो आहे असं समजावं. माथा जसजसा वर जातो तसतसं तिथलं पाणी गोठतं, कडा विस्कटतात, आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर गेल्यावर वाढायला जागा न राहिल्याने ढग आडवा पसरतो. लोहाराच्या ऐरणीसारखा हा सपाट माथा दिसला की तो ढग पिकला. फोटोसाठी सर्वांत चांगला अर्धा तास तिथून पुढचा असतो. ढगातून कोसळणाऱ्या पावसाबरोबर थंड हवाही खाली आदळते आणि जमिनीवरून चारी बाजूंना धावत सुटते. आधी धूळ उठते, बाभळी एका अंगाला झुकतात, मग ढगाच्या बुडाशी फळीसारखी काळी आडवी कड पुढे सरकताना दिसते. त्या कडेखालचा उजेड हिरवट पिवळा असतो आणि तो पाच-दहा मिनिटांत जातो.

इथे लांब पल्ल्याची लेन्स फारशी कामाची नाही. सोळा ते चोवीस मिलिमीटरची रुंद लेन्स लावावी, क्षितिज चौकटीच्या अगदी तळाला ठेवावं आणि खाली मोजमापाला काहीतरी घ्यावं. मी एका मेंढपाळाची परवानगी मागितली. तो म्हणाला, “माझा कशाला, मेंढरांचा घ्या. पण लवकर आवरा, दादा, हा तुमच्यासाठी थांबायचा न्हाई.” तो वाऱ्याकडे पाठ करून मेंढरं वस्तीकडे वळवत होता. फोटोत वादळ किती मोठं आहे ते त्या पाठीमुळेच कळतं.

विजेचा फोटो काढणं लोकांना वाटतं तितकं अवघड नाही आणि तितकं निर्धोकही नाही. अंधार पडल्यावर कॅमेरा तिवईवर लावायचा, आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८, फोकस हाताने दूरच्या दिव्यावर, आणि शटर पंधरा ते तीस सेकंद उघडं. वीज स्वतःच स्वतःचा फोटो काढते; आपण फक्त दार उघडं ठेवायचं असतं. जवळची वीज फार प्रखर येते, तेव्हा ॲपर्चर एफ ११ करावं. धोका मात्र मोजूनच घ्यावा. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो, म्हणून चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आली. मग माळावर धातूची तिवई उभी करून तिच्याशेजारी उभं राहणं हा शुद्ध मूर्खपणा. गाडीत बसावं, काचा लावाव्यात, कॅमेरा खिडकीच्या आत टेकवावा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. वर उल्लेखिलेल्या संस्थेचं ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आसपास कुठे विजा पडताहेत ते दाखवतं. हे ॲप फोटोवाल्यांपेक्षा शेतकऱ्यांनी आणि गुराख्यांनी वापरावं म्हणून आहे.

वळीव निघून गेला की बरेच जण सामान आवरतात. खरं तर तेव्हा पाठ फिरवून पूर्वेला बघायचं. मावळतीचं ऊन पश्चिमेच्या फटीतून आत येतं आणि समोरच्या काळ्या पडद्यावर इंद्रधनुष्य उमटतं. त्याचा मध्य नेहमी सूर्याच्या बरोबर समोर असतो आणि कमान त्या मध्यापासून ४२ अंशांवर. म्हणून सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असेल तर सपाट जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसतच नाही. भर दुपारी ते शोधण्यात अर्थ नसतो. लेन्सवर पोलरायझर असेल तर तो हळूहळू फिरवत राहावा. एका कोनात रंग दाट होतात, दुसऱ्या कोनात इंद्रधनुष्य चक्क नाहीसं होतं.

जाता जाता एक गोष्ट. भारतीय पावसाचा जगात सर्वाधिक गाजलेला फोटो न्यूझीलंडच्या ब्रायन ब्रेकचा आहे. अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकात १९६१ मध्ये त्याची मान्सूनवरची चित्रमालिका आली. त्यातल्या एका चित्रात एक मुलगी डोळे मिटून चेहऱ्यावर पावसाचे थेंब झेलते आहे. ती शाळकरी मुलगी म्हणजे पुढे अभिनेत्री आणि दिग्दर्शिका झालेल्या अपर्णा सेन. ते थेंब मात्र झारीतले होते. चित्र सुंदरच आहे. पण त्यामुळे ज्याला खरा पाऊस कॅमेऱ्यात पकडायचा आहे त्याने निराश व्हायचं कारण नाही; खऱ्या पावसाच्या थेंबांनी बहुधा चेहऱ्यापेक्षा लेन्सच आधी गाठलेली असते.

जुलैत, पुनर्वसू नक्षत्राचा तरणा पाऊस चालू असताना, नाणेघाटाला गेलो. जुन्नरहून पश्चिमेला जाणारा रस्ता घाटघर नावाच्या गावाजवळून घाटाच्या तोंडाशी जातो. (हे जुन्नर तालुक्यातलं घाटघर. मघाशी म्हटलं ते अकोले तालुक्यातलं वेगळं. नकाशावर नाव टाकून निघालेल्या गाड्या भलतीकडे पोहोचतात.) खाचरांत भाताची आवणी चालली होती. कमरेत वाकलेल्या बायका, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, एखाद्या म्हाताऱ्याच्या अंगावर अजून घोंगडी. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच खिंडीतून जुन्नर-पैठणकडे चढत असे. नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख इथल्या लेण्यात आहे, खिंडीच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे, आणि बाजूला नानाचा अंगठा नावाचं टोक.

अलीकडे लोक येतात ते मात्र उलट्या धबधब्यासाठी. पठारावरचा ओहोळ कड्याच्या टोकाला येतो, खाली उडी घेतो आणि काही हात खाली जाऊन परत वर येतो. अरबी समुद्रावरून आलेल्या नैर्ऋत्य वाऱ्याला कोकणाच्या सपाटीनंतर अचानक ही उभी भिंत लागते. त्याला वर चढण्यावाचून मार्ग नसतो आणि खिंडीसारख्या अरुंद जागी तो दाटून आणखी जोराने घुसतो. त्याच्या रेट्यापुढे पाण्याची बारीक धार टिकत नाही. मात्र बारीक, हे महत्त्वाचं. मोठ्या सरीनंतर ओहोळ भरून वाहतो तेव्हा पाणी वाऱ्याला जुमानत नाही आणि सरळ खाली जातं. वारा पडला की बारीक धारही निमूट खाली जाते. म्हणजे हवा असतो तो जोराचा वारा आणि बेताचा पाऊस. दोन सरींमधल्या उघडिपीत हा योग जमतो.

आता शटरचा प्रश्न. धबधबा म्हटला की अर्धा-एक सेकंद शटर उघडं ठेवून पाणी रेशमासारखं करायची पद्धत सगळीकडे रूढ झाली आहे. मला ती एरवीही जरा गोडमिट्ट वाटते, पण इथे तर ती सपशेल फसते. एक सेकंदाच्या फोटोत पाणी वर चाललंय की खाली हे कळायला काही उरतच नाही. जगातल्या कुठल्याही धबधब्याचा फोटो म्हणून तो खपेल. १/१००० सेकंदाला थेंब सुटे दिसतात, पण तेही हवेत जागीच गोठल्यासारखे. मला पटला तो १/३० ते १/६० सेकंद. थेंबांच्या आखूड रेघा उमटतात, त्या वरच्या बाजूला विस्कटत जातात आणि कडेचं गवत माथ्याकडे झुकलेलं दिसतं. पाण्याची दिशा खरं तर त्या गवतावरूनच कळते. उभं राहायचं ते धारेच्या माथ्याशी नव्हे, बाजूच्या सोंडेवर, म्हणजे उडणारं पाणी आपल्या आणि धबधब्याच्या मधून जातं, आपल्यावर येत नाही. माथ्याशी निसरडं असतं, पाठीमागून गर्दी रेटत असते, आणि शनिवार-रविवारी तर मोबाइल उंचावलेले हात सोडून दुसरं काही चौकटीत येत नाही. पावसाळ्यात अशा ठिकाणी प्रशासन अधूनमधून बंदीचे आदेश काढतं, ते पाहूनच निघावं. मधल्या वारी गेलं तर वाराही आपला, कडाही आपला.

कॅमेरा भिजण्याबद्दल थोडक्यात: महागडी आवरणं घ्यावीत किंवा दुधाची मोठी पिशवी आणि रबर वापरावं, दोन्हींनी काम होतं. जास्त त्रास पावसाचा नसतो, बाष्पाचा असतो. गाडीत एसी लावून कॅमेरा थंड केला आणि घाटात दार उघडलं की लेन्स आतूनबाहेरून धुरकट होते. शेवटचा तासभर एसी बंद ठेवावा. जुन्या सुती धोतराची धुतलेली फडकी लेन्स पुसायला उत्तम. घरी आल्यावर सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात सगळं ठेवावं, नाहीतर दिवाळीपर्यंत भिंगावर बुरशीची जाळी धरते. आणखी एक गोष्ट प्रकाशमापकाची. पांढरा ढग समोर आला की कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे, आणि तो ढगाला करडा करून टाकतो. एक्स्पोजर पाऊण ते दीड पायरी वर चढवलं की ढग पुन्हा पांढरा होतो.

ऑगस्टच्या उत्तरार्धात मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा कधीकधी हिमालयाच्या पायथ्याकडे सरकतो आणि महाराष्ट्रातला पाऊस काही दिवस दमतो. शेतकऱ्याच्या पोटात गोळा आणणारा हा खंड छायाचित्रकाराला मात्र पर्वणी असतो, आणि हे कबूल करताना थोडं ओशाळायला होतं. ढग जातात असं नाही. ते सुटे होतात. सप्टेंबरमध्ये, परतीचा पाऊस सुरू व्हायच्या आधी, अशीच स्थिती पुन्हा येते. ती साधून मी हरिश्चंद्रगडावर गेलो.

पाचनईहून वर जाणारी वाट सोपी आहे. आमच्याबरोबर गावातले मामा होते. ते ढगाकडे न बघता झाडांच्या शेंड्यांकडे बघत चालत होते. “वारं दरीतनं वर येतंय तवर कड्यावर ढगच असणार,” ते म्हणाले. “वारं थांबलं की तो खाली बसतो. तवा बघायचं.” आधी केदारेश्वराच्या गुहेत गेलो. गार पाण्याच्या मधोमध मोठं शिवलिंग, चारातला एकच खांब शाबूत, आणि उजेड फक्त तोंडाकडून. वादळवाऱ्यानंतर इथलं उभं पाणी डोळ्याला विसावा देतं. पोलरायझर फिरवला की पाण्यावरची चकाकी जाऊन तळ दिसतो, उलटा फिरवला की खांबाचं प्रतिबिंब परत येतं. कुठलं घ्यावं? मी प्रतिबिंब घेतलं, कारण तळाशी भाविकांनी टाकलेलं बरंच काही होतं.

कोकणकडा पश्चिम-वायव्येला आहे. हजार फुटांहून जास्त सरळ तुटलेला आणि वरून आत वळलेला. टोकाशी पोटावर झोपूनच खाली डोकवायचं. दरीतून येणारा वारा इतका असतो की खाली टाकलेलं पान वर परत येतं. १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याचा दख्खनच्या हवामानावर एक दीर्घ निबंध छापून आला. हा माणूस आकडेवारी गोळा करायला दख्खनभर फिरला होता आणि जिथे जाई तिथे तापमान आणि हवेचा दाब मोजत असे. त्यात त्याने लिहिलं आहे की हरिश्चंद्रगडाच्या वायव्य कड्याला कोकणातून आलेलं धुकं कधीकधी कड्याच्या पातळीच्या थोडं वर येई, पण पठारावर शिरत नसे. तो धुक्याच्या हद्दीच्या किंचित बाहेर, कड्याच्या टोकावर उभा होता आणि पाठीमागे निरभ्र आकाशात क्षितिजाजवळचा सूर्य. समोर त्याला पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसलं, अर्धं त्याच्या पातळीच्या वर, अर्धं खाली, आणि मधोमध त्याची, त्याच्या घोड्याची आणि माणसांची सावली. यालाच आपल्याकडे इंद्रवज्र म्हणतात. साइक्सच्या वर्णनात पाहायला हवं ते सगळं आहे: धुक्यात उभं राहायचं नाही, धुक्यापासून लांबही नाही, हद्दीच्या किंचित बाहेर.

नाव इंद्राचं असलं तरी इंद्रधनुष्याशी त्याचं नातं दुरूनचं आहे. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांत प्रकाश वळून आणि फाकून होतं. इंद्रवज्र ढगाच्या अतिसूक्ष्म थेंबांकडून प्रकाश जवळजवळ आल्या वाटेने परत फिरल्यामुळे होतं, आणि त्याची कडी ४२ अंशांची नसून काही अंशांचीच असतात. थेंब जितके बारीक आणि एकसारखे तितकी कडी मोठी आणि स्वच्छ. तांबडा बाहेर, निळसर आत. जर्मनीतल्या हार्त्स डोंगरात ब्रोकेन शिखरावर ढगावर पडणाऱ्या माणसाच्या अवाढव्य सावलीला ‘ब्रोकेनचं भूत’ म्हणतात, त्या भुताच्या डोक्याभोवतीही हेच वलय असतं. आजकाल विमानाच्या खिडकीतून, सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या आसनावर बसलात तर, ढगांवर विमानाच्या सावलीभोवती ते सहज दिसतं.

कडा पश्चिमेला असल्याने इथे सकाळच हवी. उन्हं मागच्या डोंगरावरून येईपर्यंत आम्ही थंडीत बसलो. दरीत ढग होता, पण खदखदत होता. मामांच्या भाषेत अजून बसला नव्हता. मग वारा मंदावला, ढगाचा वरचा पृष्ठभाग सपाट झाला आणि पाठीवर ऊन आलं. पहिल्यांदा दिसली ती कड्याची सावली, मग तिच्या कडेवर टाचणीएवढी आमची डोकी, आणि एका क्षणी त्यांच्याभोवती रंग चढला. दुसरं वलयही फिकट दिसत होतं. आमच्यातला प्रत्येकजण ‘माझ्याभोवती आहे’ असं म्हणत होता आणि प्रत्येकाचं बरोबर होतं. वलयाचा मध्य बघणाऱ्याच्या डोळ्याच्या सावलीवर असतो. कॅमेरा डोळ्यापासून हातभर दूर धरला तर फोटोत ते कॅमेऱ्याच्या सावलीभोवती येतं. त्यामुळे शेजारच्या मित्राच्या डोक्याभोवती वलय असलेला फोटो काढताच येत नाही, कितीही विनवण्या झाल्या तरी.

इथे एक्स्पोजर वर चढवायचा मघाचा नियम उलटवावा. ढग किंचित करडा झाला तरी चालेल, पण रंग धुऊन जाता कामा नयेत. पन्नास ते सत्तर मिलिमीटरच्या लेन्समध्ये वलय नीट भरतं. रुंद लेन्समध्ये ते बटणाएवढं होतं. आणि वाट बघताना कड्याच्या टोकाशी उभं राहू नये. मामा आमच्या पट्ट्यांना मागून धरूनच बसले होते.

समुद्राचं लिहायचं राहिलं. तो प्रवास या सगळ्याच्या मध्ये, नारळी पौर्णिमेआधी केला होता. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते; होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात आणि किनारा रिकामा असतो. गुहागर तालुक्यात हेदवीला उमामहेश्वराच्या देवळामागे काळ्या खडकात एक अरुंद घळ आहे, बामणघळ. भरतीची लाट त्या चिंचोळ्या फटीत शिरते, पुढे जागा नसल्याने उसळते आणि कित्येक फूट वर फुटते. ओहोटीला तिथे बघण्यासारखं काही नसतं, म्हणून वेळ आधी काढावी लागते. कोकणातला जुना हिशेब सोपा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडं पुढेमागे होतं, पण फसवत नाही.

या हिशेबात छायाचित्रकाराची एक पंचाईत दडलेली आहे. सर्वांत मोठं उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, आणि त्या दिवशी भरती येते साधारण बाराच्या आसपास, दुपारी आणि मध्यरात्री. मावळतीच्या सोनेरी उजेडात, सहाच्या सुमाराला भरती हवी तर अष्टमी गाठावी लागते, तेव्हा नेमका भांग असतो आणि पाण्यात जोर नसतो. या किनाऱ्यावर मोठं उधाण आणि मावळतीचा उजेड एकत्र येत नाहीत. फ्रान्सच्या ग्युस्ताव ल ग्रेने १८५६-५७ मध्ये समुद्र आणि आकाश यांचे वेगवेगळे निगेटिव्ह काढून एका कागदावर छापले, कारण त्या काळच्या काचेवर एकाच वेळी दोन्ही नीट उमटत नसत. आज संगणकावर तसं करणं मिनिटांचं काम आहे, पण मग हेदवीला जायचंच कशाला? माझा तोडगा असा की द्वितीया-तृतीयेला जावं आणि दुपारी दीड-दोनच्या भरतीला आकाश काळं असेल असा दिवस निवडावा. उपग्रहाची चित्रं अर्ध्या-अर्ध्या तासाने मिळतात. त्यांत अरबी समुद्रावरून येणारा ढगांचा पट्टा सकाळीच दिसतो. काळ्या ढगाखाली दुपारचा उजेडही मऊ पडतो आणि पांढरा फेस त्यापुढे उठून दिसतो. १/५०० सेकंद, कड्यापासून पंधरा-वीस पावलं मागे, आणि प्रत्येक सातवी-आठवी लाट मोठी येते या ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता सतत पाण्याकडे तोंड.

परतल्यावर लेन्सवरचं खारं पाणी कोरड्या फडक्याने पुसू नये, मिठाचे कण काच ओरबाडतात; आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं, मग कोरडं. तिवईचे पायही गोड्या पाण्यात बुडवून धुवावेत आणि सांधे उघडून वाळवावेत. हे त्याच रात्री करावं. सकाळपर्यंत सांधे धरलेले असतात.